बायनाबाई असतात तेव्हा बुधरीबाई नसतात

१

"मी इथी जित्ती उभी आहो, अन् तुही मशीन म्हणते का मी नाई?"

बायनाबाईंचा आवाज थोरल्या बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, या काठावरून त्या काठाला सहज पोचणारा. सावलीच्या मच्छीमार संस्थेच्या तीन खोल्यांच्या हापिसात तो मावण्यासारखा नव्हताच. टेबलामागे संस्थेची ऑपरेटर हर्षा बसली होती आणि स्क्रीनकडे पाहत होती. रडायचं नाही असं तिने घरून निघताना ठरवलं असावं. तेवढं एक सोडून बाकी सगळं चेहऱ्यावर दिसत होतं.

"मावशी, परवा तुमच्यासमोर टाकलं होतं ना जी नाव? तुमी सोता पाह्यलं."

"पाह्यलं! म्हणून तं इच्यारून राह्यली. पाह्यलेलं गेलं कुठी?"

याच वेळी खुशबू मेश्राम दारात चप्पल काढत होती. चंद्रपूरच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर आणि त्यांचं नेटवर्क सांभाळणं हे तिचं काम. सकाळी सचिव इस्तारीभाऊंचा फोन आला आणि तिने रजा टाकून मूल गावावरून जाणारी सावलीची बस धरली. इस्तारीभाऊ फोनवर जास्त बोलत नसत. "पोरी, येतं का? एका पोरीचं वाटोळं होऊन राह्यलं." बस, एवढंच.

भानगड अशी होती. थोरल्या बोडीत मासळी धरायचा हक्क सभासद नंबराचा, आणि नंबर घराचा. बाप गेला की नंबर मुलांकडे. मुलं दोन असली तर पाळी लागते, आज एकाने जायचं, उद्या दुसऱ्याने. बाया कंबरभर पाण्यात जाळं घेऊन उभ्या राहत, पण नंबर नवऱ्याचा, नाहीतर मुलाचा. उन्हाळ्यातल्या सभेत पहिल्यांदा ठराव झाला की जी बाई स्वतः मासळी धरते तिला तिचा नंबर मिळेल. अध्यक्ष हेमराजभाऊंनी कडाडून विरोध केला, पण ठराव पास झाला. हर्षाने एकेका बाईचं नाव मशीनमध्ये टाकायला घेतलं, तर टाकलेली नावं नाहीशी व्हायला लागली.

अर्धं गाव म्हणत होतं, हेमराजने पोरीकडून नावं उडवली. हेमराज म्हणत होता, पोरगीच कोणाच्या तरी सांगण्यावरून उडवते. या हिशेबात काही जुळत नव्हतं, पण दोन्ही बाजूंनी खर्ची हर्षाच पडत होती. दुपारच्या सभेत तिला काढायचा ठराव येणार होता. इथून चोर म्हणून निघालेल्या पोरीला सावलीत दुसऱ्या कोणी खुर्ची दिली नसती, हे हर्षाला माहीत होतं आणि काढणाऱ्यांनाही.

"सभेले अजून वेळ आहे," इस्तारीभाऊ म्हणाले. "तेवढ्यात सापडते का पाह्य."

खुशबूने त्यांच्याकडे पाहिलं. कॉलेजात असताना तिच्या घरी कॉम्प्युटर नव्हता. त्या वर्षी हे गृहस्थ हापीस बंद झाल्यावर तिला आत बसू देत आणि स्वतः ओसरीवर जाळं विणत राहत. तिला कोणी चोरून बसवली असं म्हणू नये, म्हणून दार उघडं ठेवून, सगळ्यांना दिसेल असे बसत. त्याबद्दल कधी एक शब्द बोलले नव्हते. म्हणूनच ते तिच्या मनातून कधी पुसलं गेलं नव्हतं.

"सापडते भाऊ," ती म्हणाली. तिला खात्री मुळीच नव्हती.

२

गाव हरवलेलं मोजतं, जागेवर असलेलं कोणी मोजत नाही. खुशबूने म्हणून उलट्या टोकाकडून सुरुवात केली.

"हर्षा, आज बायनाबाई नाहीत. कोण आहे?"

"म्हणजे?"

"बायांमधलं आज कोणाचं नाव दिसते?"

हर्षाने यादी खाली सरकवली. "बुधरीबाई आहेत." मग तिचं बोट थांबलं. "ताई, पण परवा बुधरीबाई नव्हत्या. त्याच भांडाले आल्या होत्या. अन् परवा बायनाबाई होत्या."

"दोघी एकासोबत कधी दिसल्या?"

हर्षा विचार करत राहिली. "नाई," ती हळूच म्हणाली. "एकासोबत कधीच नाई. हे मले कोणी इच्यारलंच नाई जी."

चोर असता तर एकदा नाव उडवून मोकळा झाला असता. उडवायचं, परत आणायचं, मग दुसरीचं उडवायचं, एवढी मेहनत सावलीतला कोणी चोर फुकट करणार नाही.

"नाव जायच्या आधी काही होते?"

"पान मध्येच अडकते. मग पासवर्ड पुन्हा मागते. मी टाकतो, अन् चालू होते. लाईनचा प्रॉब्लेम समजून मी सोडून देतो."

खुशबू आतल्या खोलीत गेली. तिथे जाळ्यांच्या ढिगाशेजारी संस्थेचा मोठा काळा कॉम्प्युटर होता. पण सभासदांची यादी थेट त्या डब्यात नव्हती. त्या डब्याच्या पोटात दुसरा एक कॉम्प्युटर चालत होता, ज्याला ना लोखंड ना पंखा. नुसता सॉफ्टवेअरने उभा केलेला, व्हर्च्युअल मशीन. मूलच्या अश्वजित खोब्रागडेने तो बनवून दिला होता. नेटवर्कवर त्याचा एक पत्ता ठरलेला होता, आणि हर्षाचा कॉम्प्युटर रोज त्या पत्त्यावर जाऊन यादी उघडत असे.

खुशबूने ते मशीन तपासलं. तब्येत ठणठणीत. पत्ता बरोबर. यादीत बुधरीबाई होत्या, बायनाबाई नव्हत्या. तिने रोजच्या कामाची नोंद चाळली. बायनाबाईंचं नाव कोणी पुसल्याची खूण नव्हती. उलट, या मशीनच्या म्हणण्याप्रमाणे बायनाबाई कधी आत आल्याच नव्हत्या.

पण बायनाबाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी नाव पाहिलं होतं.

३

ओसरीवर हेमराजभाऊंची आई भागीरथाबाई सकाळी स्वतः धरलेले झिंगे, म्हणजे बारकी कोळंबी, निवडत बसली होती. हिचा मुलगाच अध्यक्ष, म्हणून हिने नंबराचा अर्ज भरला नव्हता. तसं तिने कोणाला सांगितलं नव्हतं, पण तिच्याभोवतीच्या साऱ्या बायांनी भरला होता आणि ही गप्प होती. न बोललेल्या गोष्टींची बेरीज करायला फार अक्कल लागत नाही.

"तू मेश्रामाची ना वं?" म्हातारीने विचारलं. "इस्तारीच्या हापिसात बसे ते?"

"हाव बाई."

"माया हेमराजवर डाउट आहे का तुले?"

"सगळ्यांवर आहे. तुमच्यावर बी."

म्हातारी दात नसलेल्या तोंडाने हसली. "ठेव बापा. तो आडदांड आहे, पण चोर नाई. मानाचा भुकेला आहे. तुले सांगतो, ढिवराचं, मासोळी धरणाऱ्याचं पोर अन् मोठं होईस्तोर पोहाले येत नव्हतं. सोबतच्या पोट्ट्यासमोर बुडाले लाजे. एक दिवस पाह्यतो तं हा बोडीच्या पार पलीकडं. कवा शिकला, कुठी शिकला, कोनाले पत्ता नाई. लपूनच शिकला."

तेवढ्यात फटफटी वाजली आणि ज्याच्याबद्दल बोलणं चाललं होतं तो खाली उतरला. हेमराजभाऊंनी खुशबूला पाहून कपाळाला आठी घातली.

"चंदरपूरची साहेब आणली वाटते, इस्तारीभाऊ? आणा. मले तं त्या डब्यातलं काईच समजत नाई. म्या आयुष्यात माऊस धरला नाई."

"मग नावं हर्षाने उडवली हे कसं समजलं जी?" खुशबूने विचारलं.

"दुसरं कोन बसते तिथी?"

"अन् बायांना नंबर देऊ नये असं तुमचं अजून मत आहे?"

"आहे ना. एका घरात दोन नंबर कशाले पाह्यजे? उद्या नवरा एकीकडं, बायको दुसरीकडं. अरे, मशीनले बी समजते. बाईचं नाव टाकाले गेलं का तो चौकोन लाल होते, म्हणते पतीचं नाव टाका. मशीनले समजते घर कोनाचं आहे, तुमाले समजत नाई."

बायनाबाईंनी हात झटकला. "तुया मशीनले चुलीत घाल!"

हेमराजभाऊ केबिनमध्ये गेले आणि दार लावून घेतलं. सभेआधी कागद पाहायचे आहेत, कोणी त्रास देऊ नका, असं आतूनच सांगितलं.

खुशबू हर्षाच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. स्क्रीनवर यादी होती, यादीत बुधरीबाई होत्या. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग पान अडकलं. गोल चकरी फिरत राहिली. पासवर्डचं पान आलं. हर्षाने पासवर्ड टाकला.

यादी उघडली. बुधरीबाई गायब होत्या, आणि त्यांच्या जागी बायनाबाई ऐसपैस बसल्या होत्या.

"आलं पाह्य माहं नाव!" मागून बायनाबाई ओरडल्या.

"कोणी हात लावला नाई," हर्षा पुटपुटली. "ताई, तुमीच पाह्यलं. म्या हात नाई लावला."

"मी पाहिलं," खुशबू म्हणाली आणि आतल्या खोलीकडे धावली. तिथल्या मशीनच्या यादीत बुधरीबाई जशाच्या तशा होत्या, बायनाबाई नव्हत्या.

एकच मशीन, एकच पत्ता, एकच क्षण. दोन खोल्यांत दोन याद्या.

४

खुशबूने फोन केल्यावर अश्वजित मूलहून गाडी मारत आला. हा पोरगा हुशार होता. फक्त त्याला खोटं बोलता येत नव्हतं. तरी तो प्रयत्न करत होता, ही त्याची पंचाईत.

"मशीन ओके आहे ताई," तो दारातूनच म्हणाला.

"अजून पाहिलंस कुठं?"

"म्हणजे... बनवलं मीच ना."

"बनवल्यावर त्यात काही बदल केलास?"

अश्वजितची नजर आधी केबिनच्या बंद दारावर गेली आणि मग तिच्याकडे आली. "या मशीनमध्ये नाही केला."

"'या'?" खुशबू म्हणाली.

तो म्हणाला, "ताई, मी एका माणसाला शब्द दिला आहे. त्याचा या नावांशी काही संबंध नाही. बुद्धाशपथ."

"हर्षाची नोकरी जाईल आज."

त्याने मान खाली घातली. शब्द पाळणारा माणूस चांगला असतो, खुशबूच्या मनात आलं, पण तपासाच्या कामी त्याचा उपयोग नाही.

ती मोठ्या डब्यापुढे बसली. एक साधी परीक्षा उरली होती. गावात एखाद्या नावाचा माणूस खरंच तोच आहे का हे पाहायचं, तर त्याला घरात कोंडायचं आणि बाहेर त्याच्या नावाने हाक मारायची. तिने यादीचं मशीन रीतसर बंद केलं. स्क्रीन काळी झाली.

मग ती हर्षाजवळ आली. "पान नवीन करून उघड."

"पण मशीन तं तुमी बंद केलं ना?"

"उघड तर."

हर्षाने कळ दाबली. पान लख्ख उघडलं. बायनाबाई जागेवर होत्या. काळोख झालेल्या मशीनच्या पत्त्यावरून कोणीतरी 'ओ' देत होतं.

५

हर्षाने भीतीने हात मागे घेतले. बायनाबाईंनी देवाचं नाव घेतलं. आणि त्याच वेळी ओसरीवर सकाळच्या मासळीचा वाटा सुरू झाला होता. इस्तारीभाऊ एकेक नंबर पुकारत होते, त्या घराचा माणूस "हजर जी" म्हणून टोपली उचलत होता.

एक नंबर पुकारला आणि दोन तोंडांतून "हजर जी" आलं.

श्रावण आणि अंकुश हे दोघे भाऊ. दोघांनी एकच टोपली धरली होती.

"आज पाळी माही होती!"

"तुही काल झाली!"

"अरे थांबा!" इस्तारीभाऊ टोपलीवर हात ठेवून म्हणाले. "म्या नंबराले हाक मारतो. जो आधी बोलला त्याच्याकडं टोपली जाते. मले काय मालूम तुमच्यातला कोन आला? एक घरी रायला असता तं काई भानगड नव्हती. एका नंबरावर दोघं आले का भानगड."

खुशबू उंबऱ्यातच थांबली. तिने इस्तारीभाऊंकडे अशा नजरेने पाहिलं की त्यांनी आपल्या धोतराकडे पाहून घेतलं.

"काय झालं वं?"

"भाऊ," ती म्हणाली, "तुम्ही मला दुसऱ्यांदा पास केलं."

हापिसात एका पेटीतून सगळ्या कॉम्प्युटरना वायरी गेल्या होत्या. हीच पेटी पत्ते वाटायची, आणि कोणता पत्ता कोणाला हे ती प्रत्येकाच्या नेटवर्क कार्डाच्या नंबरावरून ओळखायची. खुशबूने वायरी हातात धरून एकेक पाहिल्या. एक मोठ्या डब्याला. एक हर्षाला. एक छापायच्या मशीनला. आणि एक निळी, नवीकोरी, खिडकीच्या फटीतून बाहेर जाऊन शेजारच्या खिडकीतून आत शिरलेली.

"ही कधी टाकली?"

"अध्यक्षानं कॅमेरा लावाचा म्हणून टाकून घेतली," इस्तारीभाऊ म्हणाले. "कॅमेरा काई आला नाई अजून."

"हर्षा, नवीन सभासदाच्या पानावर पतीच्या नावाचा चौकोन लाल कधी होतो?"

"तो रिकामा ठेवून सेव दाबलं तरच."

"छापलेल्या कागदावर लाल दिसतो?"

"नाई. तिथी बसणाऱ्यालेच दिसते."

खुशबूने केबिनचं दार वाजवलं. आत खुर्ची सरकली, काहीतरी झाकण पडल्याचा आवाज झाला. मागून लगेच हर्षा ओरडली, "ताई! पान गेलं! काहीच उघडून नाई राह्यलं!"

दार उघडलं. हेमराजभाऊ घामाघूम. टेबलावर मिटलेला लॅपटॉप, त्याला जोडलेली निळी वायर, आणि शेजारी, ज्याला त्यांनी आयुष्यात हात लावला नव्हता असा माऊस.

"भाऊ," खुशबू हळू आवाजात म्हणाली, "सभेत मी सांगू का तुम्ही सांगता?"

६

खुशबूने निळी वायर काढून खरं मशीन पुन्हा चालू केलं, तोवर सभेला ओसरी भरली. हेमराजभाऊ उभे राहिले, घसा साफ केला, आणि बोलले काहीच नाही. पोहायला न येणारा पोरगा काठावर उभा असतो तसे उभे राहिले.

मग खुशबूनेच सुरुवात केली.

"नावं कोणी उडवली नाहीत. एकही नाव उडालेलं नाही. सगळी आहेत, फक्त दोन ठिकाणी आहेत. संस्थेचं मशीन लोखंडाचं नाही, त्याची हुबेहूब नक्कल काढता येते. तशी एक नक्कल निघाली. नकलेचा कार्डनंबर आणि खऱ्याचा कार्डनंबर एकच राहिला. आता श्रावणभाऊ, अंकुशभाऊ, सकाळी काय झालं?"

श्रावण आणि अंकुश वेगवेगळ्या दिशांना पाहू लागले. लोक हसले.

"तेच झालं. पत्ते वाटणारी पेटी नंबराला हाक मारते. दोघंही 'हजर' म्हणतात. फरक एवढाच, पेटीत जो शेवटी बोलला त्याच्याकडे हर्षाचं काम जातं. नक्कल बंद असली की हर्षा खऱ्यात लिहिते. तिथे बुधरीबाई गेल्या. नक्कल चालू असली की तिला न कळता तिचं काम नकलेत जातं. तिथे बायनाबाई गेल्या. दोघी आपापल्या जागी सुखरूप आहेत. एकमेकींना दिसत नाहीत एवढंच."

"अन् नक्कल कोनी काढली?" बायनाबाईंनी सरळ मुद्द्याला हात घातला.

आता अश्वजित उठला, पण हेमराजभाऊंनी त्याला हाताने बसवलं.

"म्या काढाले लावली," ते म्हणाले.

बायनाबाईंनी कमरेवरचे हात खाली घेतले.

"चंदरपूरले मीटिंग होती. साहेबानं म्हटलं, अध्यक्ष, तुमची यादी उघडून दाखवा. मले उघडता आली नाई. बाकीच्या संस्थेचे अध्यक्ष हासले." त्यांनी टॉवेलने तोंड पुसलं. "हर्षाले इच्याराची लाज वाटली. पोरीच्या वयाची. म्हणून या अश्वजितले म्हटलं, मले एक शिकाची यादी दे, खऱ्या यादीले धक्का नोको लागाले. कोनाले सांगाचं नाई. म्या त्याच्यात काईच बिघाडलं नाई बापा. खोटी नावं टाकाचो अन् काढून टाकाचो."

"पण नंबर एकच कसा रायला?" इस्तारीभाऊंनी विचारलं. "अश्वजित, तू तं शिकलेला."

"नक्कल काढताना मशीन विचारते भाऊ," अश्वजित कानकोंडा होऊन म्हणाला, "नवीन नंबर देऊ का जुनाच ठेवू. मी नवीनवर बोट नेलं तर अध्यक्षांनी माझा हात धरला. म्हणाले, नंबर बदलू नोको, आपल्या संस्थेत नंबर बदलला का घराचा हिस्सा जाते. मला वाटलं, शिकायचीच यादी आहे, काय फरक पडतो. वायर लागणार आहे हे मला माहीत नव्हतं."

"वायर म्या लावली," हेमराजभाऊ म्हणाले. "त्याच्याशिवाय ते काम करत नाई असं वाटलं."

मग हसू फुटलं ते अंकुशपासून, आणि श्रावण भांडण विसरून त्याच्या पाठीवर थापा मारायला लागला. हेमराजभाऊ तसेच उभे होते. ते हसणं त्यांनी पुरतं सोसलं, मध्ये एकदाही हात वर केला नाही. इतक्या वर्षांत त्यांच्या नावे जमा झालेलं हे पहिलंच मोठं काम असावं.

"हर्षाले काढाचा ठराव म्या मागं घेतो," ते म्हणाले. मग तिच्याकडे वळले. "पोरी, तू खरं सांगत होती. म्या ऐकलं नाई. चोर म्हटलं तुले. ते शब्द माहे होते, वापस घेतो."

हर्षा उठून उभी राहिली. तिला रडायचं नव्हतं, ते आता तिला जमलं नाही. "भाऊ," ती नाक पुसत म्हणाली, "मले आधीच म्हटलं असतं तं म्या शिकवलं असतं जी. हासली बी नसती."

"आता शिकवशीन?"

"उद्यापासून. दार उघडं ठेवून."

आणि सभेत आतापर्यंत एक शब्द न बोललेली भागीरथाबाई झिंग्यांच्या टोपलीमागून म्हणाली, "हेमराज."

"काय माय?"

"आता त्या नकलेचं काय करतं?"

हेमराजभाऊंनी खुशबूकडे पाहिलं. "तिले नवीन नंबर देऊ," खुशबू म्हणाली. "म्हणजे दोन्ही मशीनं सोबत चालतील. कोणाचा कोणाला त्रास नाही."

"असं," म्हातारी म्हणाली. "एका घरात दोन जीव जागे असले तं दोन नंबर लागते म्हणतं."

"हाव बाई."

"मशीनले देता." तिने झिंग्यातला एक खडा काढून बाहेर फेकला. "मायले?"

हेमराजभाऊ आईकडे पाहत राहिले. बायनाबाईसुद्धा गप्प होत्या, याची नोंद घ्यायला हवी.

"हर्षा," शेवटी ते म्हणाले, "ते पान उघड. म्या टाकतो."

ते हर्षाच्या खुर्चीत बसले. एका बोटाने एकेक अक्षर शोधत त्यांनी 'भागीरथा' लिहिलं. 'थ' सापडायला वेळ लागला. हर्षाला जागा माहीत होती, तिने दाखवली नाही. सेव दाबलं तर चौकोन लाल झाला. लोक पुन्हा हसले. हेमराजभाऊही हसले, आणि त्यांनी त्यात बापाचं नाव लिहिलं. आता नंबर आला, नवाकोरा, त्या घराचा दुसरा.

"पान नवीन करून पाहा जी," खुशबू म्हणाली.

त्यांनी पाहिलं. नाव जागेवर होतं.

७

निघायच्या आधी अश्वजितने नकलेला वेगळा कार्डनंबर दिला आणि खऱ्या मशीनचा पत्ता पेटीत पुन्हा पक्का केला. खुशबू शेजारी बसून पाहत होती. त्याचा हात या वेळी कोणी धरला नाही.

"शब्द पाळलास, ठीक केलं," ती म्हणाली. "पुढच्या वेळी शब्द देण्याआधी नंबर बदल."

बाहेर इस्तारीभाऊ त्याच जागी जाळं विणत बसले होते. तिला त्यांना बरंच काही सांगायचं होतं. त्या उघड्या दाराबद्दल, कधीच न काढलेल्या विषयाबद्दल. तिने तोंड उघडलं.

"बस जाईन वं तुही," ते मान वर न करता म्हणाले. मग हळूच म्हणाले, "चांगली शिकली."

एवढ्यावरच दोघांचा हिशेब मिटला, आणि दोघांनाही त्यात आपल्याला जास्त मिळालं असं वाटत राहिलं.

संध्याकाळच्या वाट्याला नवा नंबर पहिल्यांदा पुकारला गेला. खुशबू बसच्या घाईत असूनही त्यासाठी थांबली. "हजर जी," भागीरथाबाई म्हणाली. एकच आवाज आला. दुसरं कोणी बोललं नाही. म्हातारीने आपला वाटा उचलला, त्यातले झिंगे मूठ भरून पळसाच्या पानात बांधले आणि खुशबूच्या पिशवीत घातले.

"नको बाई, बसमध्ये वास येईल."

"येऊ दे. माया नंबराचे आहेत."

वास आला. शेजारी बसायला आलेला एक माणूस पिशवीकडे पाहून पुढे सरकला, आणि मूलपर्यंत खुशबूला खिडकीची अख्खी सीट मिळाली. धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची वावरं, मागे पडत होत्या. फोन वाजला. हर्षा होती.

"ताई, नकलेतली सगळी नावं खऱ्यात टाकली. हेमराजभाऊनं वाचून दाखवली, म्या टाकली."

"मग?"

तिकडे मागे बायनाबाईंचा आवाज येत होता आणि त्यावर बुधरीबाईंचा. दोघी कशावरून तरी भांडत होत्या.

"दोघी एकासोबत दिसून राह्यल्या जी," हर्षा म्हणाली.